बाथटबचा नळ बदलताना भिंत कशी वाचवायची

टबचा नळ बदलायचा म्हटलं की भीती नळाची नसते, भिंतीची असते. नळ काय, पाना लावला, फिरवला, निघाला, पण त्याच्यामागे टाइल आहे, टाइलमागे पाईप आहे जो आपल्याला दिसत नाही, आणि तो पाईप आत कुठे नीट क्लॅम्प केलाय की नुसताच लोंबकळतोय हे ज्याने बसवला त्यालाच माहीत. मी प्लंबर नाही, पण घरातली असली कामं बरीच वर्षं हातानेच करतोय, आणि माझं मत असं झालंय की भिंत फुटते ती साधारण दोनच कारणांनी, एक तर नळाला लावलेला जोर आतल्या पाईपपर्यंत जातो, नाहीतर नवा नळ मापात बसत नाही आणि मग तो बसवायला भिंत खणावी लागते. दुसरं कारण जास्त वेळा असतं पण त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

पण थांबा, आधी हे बघा की नळ बदलायची गरज आहे का. टबमध्ये पाणी जिथून पडतं तो पुढे आलेला भाग म्हणजे स्पाऊट. ज्या टबमध्ये मुठी किंवा लिव्हर भिंतीवर वेगळा असतो आणि स्पाऊट खाली वेगळा असतो, तिथे स्पाऊटमध्ये पाणी बंद करणारं काहीच नसतं, ती नुसती वाट आहे. म्हणजे सगळं बंद करूनही टपटप चालूच असेल तर दोष स्पाऊटचा नाही, वर मुठीच्या आत पाणी उघड-बंद करणारा जो कार्ट्रिज किंवा वॉशर असतो तो गेलाय, आणि तो पुढूनच मूठ काढून बदलता येतो, भिंतीला हात लावायची गरज नाही. लोक टपटप बंद करायला चांगला स्पाऊट काढून नवीन लावतात आणि टपटप तशीच, हे मी एकापेक्षा जास्त घरांत बघितलंय. स्पाऊट बदलायचा तो गंजलाय, फुटलाय, बुडातून गळतोय म्हणून, किंवा त्याच्यावरची ती छोटी गुंडी (डायव्हर्टर) वर ओढूनसुद्धा शॉवरला पाणी कमी आणि खाली टबमध्येच जास्त पडतंय म्हणून. डायव्हर्टरची आतली रबरी सील झिजली की असं होतं, आणि बऱ्याच स्पाऊटमध्ये तेवढा भाग वेगळा मिळत नाही, अख्खा स्पाऊटच बदलावा लागतो.

आता नळ भिंतीला कसा धरलाय ते ओळखायचं, हे ओळखल्याशिवाय पाना हातात घ्यायचाच नाही. स्पाऊटच्या खालच्या बाजूला, भिंतीच्या जवळ, मोबाईलचा टॉर्च मारून बघा किंवा नुसतं बोट फिरवा. तिथे छोटी खाच किंवा भोक असेल आणि आत स्क्रू दिसत असेल तर तो सरकवून बसवलेला स्पाऊट आहे, म्हणजे आत गुळगुळीत तांब्याचा पाईप बाहेर आलाय, त्याच्यावर स्पाऊट सरकवलाय आणि खालून एका बारीक स्क्रूने आवळलाय. भोक नसेल तर तो आट्यांचा आहे, म्हणजे भिंतीतून आटे असलेला पाईपचा छोटा तुकडा (निपल) बाहेर आलाय आणि स्पाऊट त्याच्यावर फिरवून बसवलाय. कधीकधी त्या भोकात वर्षानुवर्षांचा साबण आणि क्षार इतका भरलेला असतो की भोक आहे हेच कळत नाही, म्हणून जुन्या टूथब्रशने घासून मगच ठरवा. हे एवढं का सांगतोय, तर सरकवायच्या स्पाऊटला कोणी आट्यांचा समजून जोरात पिळला तर आतला तांब्याचा पाईप सोबत पिळला जातो, तो दुमडतो नाहीतर आत जिथे डाग (सोल्डर) दिलाय तिथून सुटतो, आणि मग भिंत उघडण्याला पर्याय राहत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे भिंतीवर बाहेरूनच दिसणारा मिक्सर, गरम-थंड दोन्ही एकाच बॉडीत आणि स्पाऊटही त्यालाच. त्याच्याबद्दल शेवटी बोलतो, त्याची तऱ्हा वेगळी आहे.

तयारीचं थोडक्यात. नुसता स्पाऊट बदलताना वरची मूठ बंद असेल तर पाईपमध्ये दाब नसतो, तरीपण मेन कॉक कुठे आहे आणि तो फिरतो का हे आधी बघून ठेवा, बरेच वर्षं हात न लावलेला कॉक ऐनवेळी अडकतो. कार्ट्रिज किंवा मिक्सर काढणार असाल तर मेन बंद करायचाच आणि दुसरा एखादा खालचा नळ उघडून लाईन रिकामी करायची. टबच्या ड्रेनवर फडकं कोंबा, कारण स्पाऊटखालचा तो बारीक स्क्रू पडला की तो थेट तिथेच जातो. आणि टबमध्ये जाड चादर किंवा पुठ्ठा अंथरा, एनॅमलच्या टबवर पाना पडला की टवका उडतो, ॲक्रिलिक असेल तर चरा, आणि भिंत वाचली पण टब गेला असं व्हायला नको.

मग सिलिकॉन. स्पाऊट किंवा त्याची फ्लँज (बुडाशी असलेली गोल तबकडी) जिथे टाइलला टेकते तिथे बहुतेक वेळा सिलिकॉनची किंवा ग्राउटची कड असते, आणि ही कड न कापता नळ फिरवला की टाइलचं ग्लेझ सोबत उचकटतं, टाइल आतून पोकळ असेल तर ती तडकतेच. टाइल पोकळ आहे का ते बोटाच्या पेराने हलकं वाजवून कळतं, भरीव जागेचा आवाज आणि पोकळ जागेचा आवाज यात स्पष्ट फरक असतो. पोकळ वाजली तर तिथे अजिबात टेकू घेऊन जोर लावायचा नाही. कटरचं नवीन पातं घ्या, टाइलच्या बाजूने नाही तर नळाच्या बाजूला टेकवून गोल फिरवत कापा, म्हणजे चरा पडलाच तर जुन्या नळावर पडेल. जुनं कडक झालेलं सिलिकॉन असेल तर हेअर ड्रायरने थोडं गरम करा, ते नरम पडतं, उरलेलं प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढा. टाइलवर नळाच्या भोवती मास्किंग टेपचे दोनतीन थर मारून ठेवा, फुकटचं काम आहे.

आता काढायचं. सरकवायचा असेल तर एलन कीने (षटकोनी टोकाची वाकडी चावी) स्क्रू सैल करा, पूर्ण काढायची गरज नसते, मग स्पाऊट हलका डावीकडे-उजवीकडे हलवत स्वतःकडे ओढा. हलका म्हणजे खरंच हलका. येत नसेल तर स्क्रू अजून सैल करा, आणि पाईपवर क्षार चढला असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं बुडाशी गुंडाळून तासभर ठेवा. स्क्रूचं डोकं गंजून गोल झालं असेल तर गंज सैल करणारा स्प्रे मारून वाट बघायची, तरी नाही ऐकला तर स्क्रूच ड्रिलने कोरून काढायचा किंवा स्पाऊटच खालून कापायचा, तो तसाही टाकायचाच आहे. पाईप मात्र कापला जाता कामा नये, म्हणून ब्लेड खोल जाऊ द्यायचं नाही.

आट्यांचा असेल तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. इथे एक सल्ला सगळीकडे दिसतो, की स्पाऊटच्या तोंडात हातोड्याचा दांडा घाला आणि तो दांडा धरून फिरवा. चालतं, पण मला तो आवडत नाही, कारण दांड्याने फिरवताना जोर सरळ गोल लागत नाही, आपण नकळत खाली किंवा बाहेर ओढतो आणि निपल आतल्या एल्बोत (भिंतीतला पाईपचा वळणाचा जोड) तिरका दाबला जातो. त्यापेक्षा पट्ट्याचा पाना घ्या, तो नळाला गुंडाळून बसतो, ओरखडा पडत नाही आणि जोर नेमका गोल लागतो. एक हात स्पाऊटच्या बुडाशी ठेवून भिंतीकडे किंचित आधार द्यायचा आणि दुसऱ्या हाताने पाना एकसारखा ओढायचा, झटका द्यायचा नाही. झटका हाच सगळ्यात मोठा शत्रू आहे. नाही फिरला तर स्प्रे मारा, चहा-पाणी करून या, परत बघा. ब्लो टॉर्चने तापवायचा मोह होतो, तो टाळा, भिंतीत लाकडी चौकट असेल किंवा पाईप प्लास्टिकचा असेल तर आगीचं आणि वितळण्याचं काम होऊन बसतं, हेअर ड्रायर पुरे.

फिरवताना एक गोष्ट सतत बघत राहायची: फिरतंय काय? स्पाऊट फिरतोय की स्पाऊटबरोबर निपलही फिरतोय? बुडाशी बारीक फट दिसायला लागली की आत टॉर्च मारून निपलवर मार्करने रेघ मारा, रेघ जागेवर राहिली तर मजेत चालू द्या. निपल सोबत फिरत असेल तर घाबरायचं कारण नाही, तो एल्बोमधून आट्यांवरच सुटतोय, तो पूर्ण बाहेर येऊ द्या आणि नवा निपल लावा. घाबरायचं कधी, तर काही सुटल्यासारखं न वाटता सगळंच एकत्र मऊपणे वळत असेल तर. तेव्हा लगेच थांबा, ते आतलं एल्बो फिरतंय.

नळ निघाला की लगेच नवा लावायला जाऊ नका. इथे मोजायचं, आणि खरं काम इथेच आहे. टाइलच्या पृष्ठभागापासून निपलचं किंवा पाईपचं टोक किती बाहेर आलंय ते मोजा, आणि आटे किती लांबीचे आहेत तेही. मग नव्या स्पाऊटच्या आत बघा आटे कुठे आहेत. काहींचे आटे अगदी भिंतीकडच्या टोकाला असतात, काहींचे आत खोलवर, नळाच्या नाकाजवळ. दोन्हींना लागणाऱ्या निपलची लांबी पूर्ण वेगळी. आखूड निपलवर नाकाजवळच्या आट्यांचा स्पाऊट पोचणारच नाही, आणि लांब निपलवर टोकाच्या आट्यांचा स्पाऊट लावला की तो भिंतीला टेकायच्या आधीच आवळला जातो आणि मागे बोटभर फट राहते. मग लोक काय करतात, तर आणलाय तो नळ बसवायचाच म्हणून टाइल फोडून आतला एल्बो पुढेमागे करतात. अहो निपल बदला ना! अर्ध्या इंचाचे निपल वेगवेगळ्या लांबीत मिळतात, एक्स्टेन्शन निपलही मिळतात, जुना निपल बरोबर नेऊन मापाचा आणणं हे टाइल लावण्यापेक्षा कधीही सोपं. शक्यतो पितळी घ्या, पितळेच्या एल्बोत लोखंडी निपल घातला तर दोन धातूंमुळे लोखंड लवकर गंजतं आणि पुढच्या वेळी तोच तुटून आत राहतो.

सरकवायच्या प्रकारात पाईपची जाडी बघा. अमेरिकी पद्धतीचा जो अर्ध्या इंचाचा तांब्याचा पाईप म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास खरं तर पाच अष्टमांश इंच म्हणजे साधारण १५.९ मिमी असतो, आणि मेट्रिकमधला १५ मिमी पाईप त्याच्यापेक्षा बारीक. दिसायला सारखेच, पण एकाचा स्पाऊट दुसऱ्यावर नीट सील होत नाही. तसंच आट्यांचं, बीएसपी आणि एनपीटी असे दोन प्रकार जगात चालतात, अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला १४ च आटे असतात त्यामुळे सुरुवातीला एकात दुसरा छान जातो, पण आट्यांचा कोन वेगळा (५५ अंश आणि ६० अंश), म्हणून पुढे अडकतो नाहीतर गळतो. ऑनलाइन बाहेरचा नळ मागवणाऱ्यांनी हे आधी बघावं. जोर लावून बसवला तर एल्बोचे आटे जातात, आणि एल्बो भिंतीत आहे.

निपल आतच तुटला तर? होतं असं, गंजलेला लोखंडी असेल तर जास्तच. लगेच छिन्नी-हातोडा काढू नका. आतून पकडणारा निपल एक्स्ट्रॅक्टर मिळतो, तो तुकड्याच्या आत घालून उलटा फिरवला की तुकडा धरून बाहेर येतो. नाहीच आला तर हॅकसॉचं नुसतं पातं, एका टोकाला कापड गुंडाळून हातात धरा आणि तुकड्याला आतून उभी खाच पाडा, एल्बोचे आटे दिसायच्या जरा आधी थांबायचं, थोडं बाजूला अजून एक खाच, आणि मग दोन खाचांमधला भाग स्क्रूड्रायव्हरने आत दाबायचा. तो सुटला की बाकीचा सैल पडतो. वेळ लागतो, हात भरून येतो, पण टाइल शाबूत राहते.

आणि कितीही काळजी घेतली तरी आतलं जोडकाम उघडावंच लागलं, तर टबच्या भिंतीच्या मागच्या बाजूला काय आहे ते बघा. बऱ्याचदा तिथे कपाट असतं नाहीतर दुसऱ्या खोलीची साधी भिंत. तिकडून चौकोन कापून काम करा आणि नंतर तिथे झाकण लावून टाका, रंगवलेली भिंत दुरुस्त करणं आणि बंद झालेल्या डिझाईनची टाइल शोधत फिरणं यात किती फरक आहे हे शोधत फिरलेल्यालाच विचारा.

बसवायचं काम त्या मानाने पटकन होतं. आटे वायर ब्रशने साफ करा, जुना टेप, धागा, सफेदा सगळं काढा. टेफलॉन टेप टोकाकडून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचा, म्हणजे नळ आवळताना तो सुटत नाही, पहिला आटा मोकळा ठेवायचा, टेप पातळ असेल तर वेढे जास्त. स्पाऊट आधी हाताने बसवा, तिरका जातोय असं वाटलं तर काढून परत. हाताने घट्ट झाला की पट्ट्याच्या पान्याने थोडा, तोंड बरोबर खाली येईपर्यंत. आता समजा घट्ट झाला पण तोंड तिरकं राहिलं, तर मागे फिरवून सरळ करायचा नाही, मागे फिरवला की टेपची सील तुटते. पूर्ण काढा, टेपचे वेढे कमी-जास्त करा, परत लावा. आणि सरळ यायला अख्खा अर्धा फेरा बाकी असेल तर जोर करून तो फेरा मारू नका, प्लास्टिकच्या पाईपचं फिटिंग अशाच वेळी आत तडकतं आणि बाहेरून काही दिसत नाही. सरकवायच्या प्रकारात पाईपच्या टोकाची धार बारीक पॉलिश पेपरने घासा, नाहीतर स्पाऊटच्या आतली रबरी कडी (ओ-रिंग) कापली जाते, स्पाऊट भिंतीला टेकवा आणि स्क्रू बेताने आवळा, तांबं मऊ असतं, चेपतं.

सिलिकॉन मारायच्या आधी टेस्ट. ही पायरी लोक गाळतात. कोरडा टिश्यू पेपर बुडाच्या फटीत कोंबा, पाणी पाच मिनिटं टबमध्ये सोडा, आणि मग डायव्हर्टर ओढून शॉवर चालू करा. शॉवर चालू करूनच बघायचं, कारण नुसतं खाली पाणी पडत असताना त्या जोडावर दाब जवळपास नसतोच, डायव्हर्टरने वाट अडवली की पाणी मागे दाबतं आणि कच्चा जोड तेव्हा गळतो. ते पाणी निपलवरून मागे भिंतीत जातं, पुढे टबमध्ये एक थेंब दिसत नाही, आणि काही महिन्यांनी मागच्या खोलीत ओल येते किंवा खालच्या मजल्याच्या छतावर डाग. टिश्यू ओला झाला तर परत काढा, कंटाळा करू नका.

कोरडा राहिला की सिलिकॉन, वरून आणि दोन्ही बाजूंनी. खाली बोटाच्या नखाएवढी जागा मोकळी सोडा. वरून येणारं पाणी आत जाऊ नये म्हणून सील, आणि पुढे कधी आत जोड गळलाच तर ते पाणी भिंतीत न साचता खालून बाहेर दिसावं म्हणून मोकळी जागा. भिंतीला संगमरवर किंवा दुसरा नैसर्गिक दगड असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातल्या आम्लाने दगडावर डाग पडतो, न्यूट्रल लिहिलेलं घ्या. टाइलचं भोक मोठं असेल किंवा कडेचा टवका उडाला असेल तर मोठी फ्लँज लावा, झाकलं जातं.

राहिला बाहेरचा मिक्सर. त्याचे दोन पाय साधारण १५० मिमी अंतरावर असतात आणि भिंतीतून जे वाकडे तुकडे (एस कनेक्टर) बाहेर येतात ते थोडे फिरवून हे अंतर जुळवायचं असतं. जुना मिक्सर काढताना दोन्ही मोठे नट थोडे थोडे आलटून पालटून सैल करा, एकच पूर्ण काढला तर सगळं वजन दुसऱ्यावर आणि त्याच्या एल्बोवर येतं. नट सोडताना एस कनेक्टरला दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचं, म्हणजे नटाचा जोर भिंतीत जात नाही, याच्यासाठी दोन पाने लागतातच, एका पान्यावर हे काम करू नये. जुने कनेक्टर घट्ट, कोरडे आणि नव्या मिक्सरला जुळणारे असतील तर मी ते तसेच ठेवतो, हात लावत नाही. बदलायचेच असतील तर टेप लावून बसवा, लेव्हल ठेवून दोन्ही टोकं एका रेषेत आणा, मिक्सर टेकवून बघा, दोन्ही नट हाताने सहज चढले पाहिजेत. एक चढतो आणि दुसरा ओढून चढवावा लागतो असं असेल तर कनेक्टर परत फिरवा, नटाने ओढून अंतर जुळवायचं नाही. नटाच्या आत वॉशर असतो, सील तो करतो, तिथे टेफलॉन लावायची गरज नाही. फ्लँज मात्र नट आवळायच्या आधी सरकवून घ्या, नंतर ती जात नाही आणि सगळं परत उघडावं लागतं.

सिलिकॉनला पाकिटावर लिहिलेला वेळ द्या, बहुतेकांना २४ तास लागतात, तोपर्यंत घरच्यांना सांगून ठेवा की शॉवर नको. सांगूनही कोणीतरी चालू करतंच, म्हणून मी डायव्हर्टरलाच चिकटपट्टी गुंडाळून ठेवतो.